टाच म्हणाली, थांब!

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल जमिनीवर टेकवलं, की टाचेत बाभळीचा काटा रुतल्यासारखी कळ येते का हो तुमच्या? मग भिंतीला धरून, चवड्यावर चालत स्वयंपाकघर गाठायचं. चहाचं आधण ठेवेपर्यंत कळ कमी होते आणि आपण ती विसरूनही जातो. दुपारी घटकाभर पाय पसरून बसलं आणि उठलं, की पुन्हा तेच. येत असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. येत नसेल, तरी वाचा. कारण तुमच्याच घरात कुणाला तरी ती येत असेल आणि ती बाई तुम्हांला सांगत नसेल.

मी तरी कुठं सांगितलं होतं?

पण आधी माझी ओळख सांगते. मी छत्तीस वर्षांची, मराठी घेऊन बी.ए. झालेली, नगरला सावेडीत राहणारी गृहिणी. (जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण जिभेला पडलेलं वळण लगेच सुटत नाही, तेव्हा मी नगरच म्हणेन.) सकाळी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, संध्याकाळी घरी चार शिकवण्या. घरात हे, सासूबाई, अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. तुमच्यासारखंच चारचौघींचं घर.

माझं माहेर अकोले तालुक्यातलं, प्रवरेच्या काठचं. लहानपणी वडिलांनी पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत ढकललं होतं, तेव्हापासून पोहणं येतं. सायकल तर शाळेला जायची होतीच. लग्नानंतर दोन्ही सुटलं. करोनाच्या काळात घरात बसून वजन वाढलं, म्हणून चालायला लागले. चालता चालता थोडं पळायला लागले आणि एक दिवस शाळेतल्या खेळाच्या सरांनी गोव्याच्या स्पर्धेचं सांगितलं. पोहणं, सायकल आणि धावणं, तिन्ही एकाच दिवशी, एकामागोमाग एक. पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९पासून ही ‘आयर्नमॅन ७०.३’ होते. मधली करोनाची दोन वर्षं तेवढी झाली नव्हती. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावायचं. आणि हे सगळं साडेआठ तासांच्या आत.

“अगंबाई, ह्यातलं एक केलं तरी पुरे की!” असंच म्हणालात ना? आमच्या सासूबाईही हेच म्हणाल्या.

खरं तर ही अर्धीच. पूर्ण स्पर्धा ह्याच्या दुप्पट असते. ती सुरू झाली १९७८ साली हवाई बेटांत. उत्तम कोण, पोहणारा, सायकलवाला की धावणारा, असा वाद निघाला आणि जॉन कॉलिन्स नावाच्या नौदलातल्या अधिकाऱ्याने तिन्ही एकत्र करून टाकलं. पहिल्या वर्षी पंधराजण उतरले, बाराजणांनी पुरं केलं. सगळे पुरुष! पण दुसऱ्याच वर्षी लिन लेमेअर नावाची एक बाई उतरली आणि सगळ्या स्पर्धकांत पाचवी आली. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. आपल्याकडेही कोल्हापूरचे कितीतरी हौशी लोक ह्यात उतरतात, आणि एकेकाळी आपल्या नगरला पोलीस अधीक्षक असलेल्या कृष्णप्रकाश यांनी २०१७ साली फ्रान्समध्ये पूर्ण आयर्नमॅन केली. म्हणजे गोष्ट अगदीच परक्या मुलखातली नव्हती.

शिकवण्यांचे साठवलेले पैसे होते, ते भरून टाकले. स्पर्धा २७ ऑक्टोबर २०२४, रविवार. पैसे भरल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर उलटून पाहिलं, तर दुसऱ्या दिवशी सोमवारी वसुबारस! ऐन दिवाळीच्या तोंडावर घरची सून गोव्याला समुद्रात उड्या मारायला जाणार! यांनी डोक्याला हात लावला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “जा बाई. पण घरातलं काही अडता कामा नये.”

मैत्रिणींनो, हे वाक्य नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं ह्या वाक्यामुळं घडलं.

तर लांब पल्ल्याच्या तयारीत आठवड्यातून एकदा ‘लांब धाव’ असते. बाकीचे दिवस थोडं थोडं, आणि रविवारी एकदा जास्त. ती हळूहळू वाढवायची, भाकरीला थापटत थापटत मोठी करतात तशी. एकदम ताणली की फाटते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मे महिना माहेर, लग्नकार्यं नि पाहुण्यांत गेला होता. जून लागला, शाळा सुरू झाली आणि मला वाटलं, मागे पडलो, भरून काढू या. आठ किलोमीटरवरून तीन आठवड्यांत चौदावर गेले. त्यात हौस अशी की एका रविवारी थेट चांदबिबीच्या महालाची वाट धरली. तुम्ही नगरच्या असाल तर तो पाथर्डी रस्त्यावरचा डोंगर ठाऊक असेल. खरी ती सलाबतखानाची कबर, पण आपण सगळे चांदबिबीचा महालच म्हणतो. चढ खडा, उतार त्याहून वाईट, आणि पायात दोन वर्षांपूर्वीचे, तळ झिजलेले बूट. घरी आले, आंघोळ केली आणि लगेच अनवाणी पायांनी फरशीवर उभी राहून पाच माणसांचा स्वयंपाक केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाभळीचा काटा.

आता शहाणी बाई काय करील? थांबेल, कुणाला तरी दाखवील. मी काय केलं? लपवलं. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचं, बाथरूमपर्यंत चवड्यावर जायचं, कोमट पाण्यात पाय शेकायचा, आणि घर जागं होईतो सरळ चालायला लागायचं. पळताना पहिले दहा मिनिटं दुखे, मग पाय तापला की कमी होई, म्हणून मला वाटे, पळाल्यानं बरं वाटतंय. हीच त्या दुखण्याची लबाडी आहे. तापल्यावर ते गप्प बसतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्याजासह वसूल करतं.

का लपवलं, ते खरंखरं सांगते. आपण घरच्या कामानं दुखणं आणलं, तर त्याला मान असतो. पापड लाटून हात भरून आले, तर सगळे हळहळतात. पण आपल्या हौसेनं दुखणं आणलं, तर ते आपलं पाप. ‘कुणी सांगितलं होतं?’ हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, तरी मला तो रोज ऐकू येई. शिवाय ‘घरातलं काही अडता कामा नये’ हे कबूल केलेलं. मी लंगडत स्वयंपाकघरात गेले, की अडलंच की! पैसे बुडाले असते तर ते माझे होते. पण ‘जा’ म्हणाल्या ते परत घेतलं गेलं, तर पुन्हा विचारायची हिंमत मला झाली नसती.

असे काही आठवडे गेले. आषाढीची वारी निघाली. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरीला जाताना आपल्या जिल्ह्यातून, नगरवरून जाते. दरवर्षी सासूबाई वारकऱ्यांच्या सेवेला जातात, म्हाताऱ्या बायाबापड्यांचे पाय तेल लावून चोळून देतात. मीही गेले. तिथं एक सत्तरीची वारकरी आजी भेटली. मी विचारलं, “आजी, एवढं चालवतं कसं?” म्हणाली, “लेकी, चालत कोण सारखं? विसावा असतोय ना.” मी हसले आणि विसरून गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, आषाढीच्या आठवड्यात, पहाटे मी भिंतीला धरून निघाले, तर स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या. दिवा न लावता.

“किती दिवस झाले गं?” त्यांनी विचारलं.

“कशाला?”

“टाचेला. मला शिकवू नकोस. मी वीस वर्षं अशीच चालत बाथरूमला जातेय.”

मला काय बोलावं सुचेना. वीस वर्षं! म्हणजे माझ्या लग्नाच्या आधीपासून. बारा वर्षं मी त्यांच्या घरात आहे, रोज सकाळी त्यांच्या हातात चहाचा कप देते, आणि मला पत्ता नाही. “आई, तुम्ही कधी बोलला नाहीत?” म्हटलं, तर म्हणाल्या, “बोलून काय व्हायचं? हे (म्हणजे सासरे) म्हणाले असते, बस. आणि बसून कसं चाललं असतं?”

दर वारीत दुसऱ्यांचे पाय चोळणारी ही बाई स्वतःच्या टाचेचं कुणाला सांगत नव्हती. आणि मी नवी, शिकलेली, पळणारी सून. मीही अगदी तेच करत होते. फरक एवढाच, की त्यांनी कामापायी लपवलं आणि मी हौसेपायी.

त्या दिवशी आम्ही दोघी डॉक्टरकडे गेलो. पहिल्या डॉक्टरांनी माझ्याकडे बघून “आता ह्या वयात पळायचं कशाला? बंद करा,” म्हणून गोळ्या लिहून दिल्या. सासूबाईंना तर “वजन कमी करा” एवढ्यावरच वाटेला लावलं. बाहेर आल्यावर सासूबाईच म्हणाल्या, “ह्यानं पाय बघितलाच नाही की!” मग एका फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी आम्हा दोघींचे पाय अर्धा तास हाताळले, चालवून पाहिलं, आणि समजावून सांगितलं. तेच तुम्हांला सांगते.

आपल्या तळपायात टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो, धनुष्याच्या दोरीसारखा. त्याच्यावर ताण वाढत गेला, की तो टाचेशी जिथं जोडलेला असतो तिथं दुखावतो. रात्रभर पाय सैल राहून पट्टा आखडतो, आणि सकाळी पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो, म्हणून ती कळ. एकदम वाढवलेलं पळणं, फार वेळ उभं राहणं, कडक फरशीवर अनवाणी वावर, आखडलेल्या पोटऱ्या, वाढलेलं वजन, झिजलेली पादत्राणं ही त्याची कारणं. बहुतेकींचं बरं होतं, पण दिवसांत नाही, महिन्यांत. आणि नुसत्या विश्रांतीनंही होत नाही. पायाला हळूहळू ताकद द्यावी लागते.

त्यांनी सांगितलेलं असं:

अंथरुणातून उतरण्याआधी पाय मांडीवर घ्यावा, हातानं बोटं आपल्याकडे ओढून दहा मोजावेत, असं दहा वेळा. मगच पाय खाली.

घरात अनवाणी फिरू नये. स्वयंपाकघरासाठी मऊ तळाची वेगळी चप्पल ठेवावी. (आमच्याकडे स्वयंपाकघरात चप्पल म्हणजे केवढं प्रकरण! पण नवी कोरी, बाहेर न नेलेली चप्पल सासूबाईंनी स्वतःच मान्य केली. “देवापुढं काढू, ओट्यापुढं घालू,” म्हणाल्या.)

भिंतीला हात टेकून, एक पाय मागे, गुडघा सरळ नि टाच जमिनीला टेकलेली, असा पोटरीचा ताण द्यावा. दिवसातून दोनतीनदा.

जिन्याच्या पायरीवर चवड्यानं उभं राहायचं, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, कठड्याला धरून टाचा सावकाश वर उचलायच्या, क्षणभर थांबायचं, तितक्याच सावकाश खाली. एक दिवसाआड. ताकद येते ती ह्यानं.

पाणी भरून बर्फ केलेली बाटली तळपायाखाली पाच-दहा मिनिटं फिरवावी. बरं वाटतं.

आणि एक ताकीद: दुखणं मारायची गोळी घेऊन पळायचं नाही. टाच रात्री झोपेतही ठणकत असेल, सुजली असेल, बधिर होत असेल, किंवा दोन्ही बाजूंनी दाबल्यावर हाडातच दुखत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरला दाखवा. हाडाला बारीक चीर असू शकते. मधुमेह असलेल्यांनी तर पायाचं काही म्हणजे काही अंगावर काढू नये.

मग मी भीत भीत विचारलं, “आणि माझी स्पर्धा?” कॅलेंडर पाहिलं. पंधरा आठवडे होते. बाई म्हणाल्या, “पळायचं की नाही हे आज ठरवायचं नाही. रोज सकाळी टाचेला विचारायचं.”

म्हणून आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खुणांशेजारी, रोज सकाळच्या पहिल्या पावलाला गुण द्यायला लागलो. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. माझा एक आकडा, सासूबाईंचा एक. नियम असा: पळताना दुखणं तीनच्या वर जाता कामा नये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा आदल्या दिवसापेक्षा वाढता कामा नये. वाढला, तर पुढची धाव कमी. मग मनाला काहीही वाटो.

पहिले दोन आठवडे पळणं बंद. पण दम टिकवायला पोहणं आणि सपाट रस्त्यावर सायकल चालू. टाचेला सायकलचा त्रास होत नव्हता, आणि पाण्यात तर पाय हलकाच असतो. तलावाच्या खोल भागात कमरेला तरंगपट्टा बांधून पाण्यातच ‘पळायचं’, असा प्रकारही केला. बघणारी मुलं फिदीफिदी हसली. हसू देत.

त्या दिवसांत मला आधार झाला जोन बेनॉइट नावाच्या अमेरिकन बाईचा. १९८४ साली ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदाच होणार होती. निवड चाचणीला जेमतेम सतरा दिवस असताना तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. पाय चालेना, तर ती सायकलचं पॅडल हातांनी फिरवून दम टिकवत राहिली. चाचणी जिंकली, आणि पुढं लॉस एंजेलिसला पहिलं सुवर्णपदकही तिनंच मिळवलं. आपण काही जोन बेनॉइट नव्हे. पण जे दुखतंय ते सोडून बाकीचं शरीर रिकामं बसवायचं नाही, एवढं तिच्याकडून घेता येतं.

ऑगस्टात एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, असं अर्धा तास. मग चार पळ, एक चाल. लांब धाव किलोमीटरांत मोजायची सोडून मिनिटांत मोजायला लागले: चाळीस, पन्नास, साठ. आणि चांदबिबीचा महाल बंद! पहाटे सायकलनं भुईकोट किल्ल्यापाशी जायचं, सायकल लावायची आणि किल्ल्याभोवती फेऱ्या घालायच्या. दोनेक किलोमीटरच्या आतबाहेरची सपाट फेरी. लांब धावेची वाट दुखऱ्या पायानं अशीच निवडावी. एकाच दिशेनं सात किलोमीटर गेलात आणि टाच बोलली, तर परतीचे सात लंगडत यावे लागतात. फेरीत कधीही थांबता येतं. नेहरूंना १९४२ ते १९४५ ह्याच किल्ल्यात डांबलं होतं आणि तिथं त्यांनी भारताच्या शोधाचं पुस्तक लिहिलं. मी बाहेरून फेऱ्या घालत घालत माझ्या टाचेचा शोध घेत होते म्हणायचं!

१ सप्टेंबरला साठ मिनिटं झाली. सकाळचा आकडा दोन. मला आकाश ठेंगणं झालं.

मग गणपती बसले. १० तारखेला गौरी आल्या. तीन दिवस मी एक पाऊल पळाले नाही. पण पुरणपोळ्या, सोळा भाज्या, हळदीकुंकू, पाहुण्यांच्या पंगती. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत पायांवर. आणि १३ तारखेला सकाळी आकडा सहा!

मी कॅलेंडरपुढं उभी राहून रडले. न पळता सहा? एवढं जपून वाढवलेलं सगळं मातीमोल?

फिजिओथेरपीच्या बाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, “तीन दिवस उभ्या किती तास होता?” मी मोजलं. आणि मैत्रिणींनो, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझी सगळी आखणी मी परदेशी तक्त्यांवरून केली होती. त्यात पोहण्याचा रकाना होता, सायकलचा होता, धावण्याचा होता, विश्रांतीचाही होता. पुरणपोळीचा रकाना नव्हता! ज्यानं तो तक्ता केला, तो ‘विश्रांती’च्या दिवशी बहुधा खुर्चीत बसत असावा. आपला विश्रांतीचा दिवस म्हणजे पळून न येता थेट ओट्याशी उभं राहण्याचा दिवस. टाचेला काय ठाऊक, हा ताण शर्यतीचा की सणाचा? ती सगळं एकाच वहीत मांडते.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी सगळ्यांसमोर ते कॅलेंडर ठेवलं. पहिल्यांदाच. “अहो, हे बघा,” म्हणून यांना आकडे दाखवले. माझे नि त्यांच्या आईचेही. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आईचा रोज चार आहे? आणि मला वाटायचं ती पहाटे देवाचं म्हणते म्हणून हळू चालते.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण त्यांना लागलं होतं. मी सांगितलं, “मला दोनच वाटा आहेत. एक तर पळणं सोडते, नाही तर उभं राहणं कमी करते. तिसरी वाट टाच देत नाही.” मनातून भीती होती, की ‘मग सोड पळणं’ असंच येणार.

सासूबाई म्हणाल्या, “उभं राहणं कमी कर. आणि मीही करते.”

मग तक्त्यात ‘उभं राहणं’ असा नवा रकाना आला. पोळ्या लाटायला जमिनीवर बसून पोळपाट, भाजी निवडणं-चिरणं टेबलाशी बसून. रात्रीचा ओटा आणि भांडी ह्यांच्याकडे नि मुलीकडे. लांब धाव रविवारी असेल तर शनिवारी फार काम काढायचं नाही, आणि रविवारी दुपारी खिचडीच. ऑक्टोबरात नवरात्राच्या आठवड्यात लांब धाव मुद्दाम कमी ठेवली, साठच मिनिटं. आजीचा ‘विसावा’ मला तेव्हा कळला. विसावा काही दमल्यावर घ्यायचा नसतो. तो वारी निघायच्या आधीच ठरलेला असतो.

बाकीचे रविवार असे गेले: सत्तर, पंच्याऐंशी, शंभर मिनिटं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एकशेवीस, ती सगळ्यात लांब. कसेबसे पंधरा किलोमीटर. स्पर्धेत धावायचे होते एकवीस. जाणकार म्हणाले, चालेल. सायकलनं दम दिलेला आहे, टाच शाबूत ठेवून जा. तयारीत सहा किलोमीटर कमी पडले तर स्पर्धेत चालून भरता येतात. टाच गेली तर काहीच भरता येत नाही.

राहिला दिवाळीचा फराळ. त्यावर मी आठवडाभर झोपले नाही. शेवटी लाडू आणि चिवडा आम्ही दोघींनी बसून केला. चकल्या नि करंज्या गल्लीतल्या बचत गटाच्या बायकांकडून घेतल्या. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा घरात विकतची चकली आली. जाऊबाईंनी चव घेऊन कृती विचारली, ती गोष्ट वेगळी!

गोव्याचं फार लांबवत नाही. विहिरीत शिकलेलं पोहणं समुद्रात पहिली दहा मिनिटं मला परकंच झालं होतं. लाट तोंडावर आली की वाटे, फिरावं मागे. मग श्वास सापडला. पंचावन्न मिनिटांत बाहेर आले. सायकल चार तास पाच मिनिटं. आणि मग धाव. दमट ऊन, अंगाला चिकटलेले कपडे, आणि माझी चार मिनिटं पळ, एक मिनिट चाल. लोक पुढं जात होते. बाराव्या किलोमीटरला टाच बोलली. तीन. मी तीन पळ, दोन चाल केलं. ती पुन्हा गप्प झाली. शेवटचं किलोमीटर मात्र मी चालले नाही, हे कबूल करते.

आठ तास नऊ मिनिटं. साडेआठला दार बंद होणार होतं. नंबर विचारू नका. मागून मोजायला सोपा आहे.

घरी फोन केला. सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “उद्या सकाळचा आकडा सांग.” दुसऱ्या दिवशी चार होता. भाऊबीजेपर्यंत दोनवर आला, आणि पुढं हिवाळाभर हळूहळू शून्याकडे गेला. त्यांचा स्वतःचा वीस वर्षांचा चार आता बहुतेक दिवशी एक असतो. थंडीत कधी दोन. त्या अजून पहाटे उठून पायाची बोटं ओढत दहा मोजतात, आणि मग दिवा लावून, पूर्ण पाऊल टेकवून चालतात.

मैत्रिणींनो, तुम्ही सगळ्यांनी गोव्याला जावं, असं काही मी म्हणत नाही. पण उद्या सकाळी पाय जमिनीवर टेकवताना कळ आली, तर कॅलेंडरवर आकडा लिहा. घरातल्या सगळ्यांना दिसेल असा लिहा. आणि तुमच्या आधी उठून, दिवा न लावता चालणारी कुणी घरात असेल, तर तिलाही तिचा आकडा विचारा.